आमचं प्रॉमिस दोन टिक आधी यायचं

तक्रार एका वाक्याची होती. ‘तुमची लायब्ररी लोड केली की ही टेस्ट फेल होते, काढली की पास होते.’ खाली दहा-बारा ओळींचा कोड. अशी तक्रार आली की मी हातातलं काम बाजूला ठेवते, कारण तिच्यात वाद घालायला जागाच नसते. लायब्ररी असताना एक उत्तर, नसताना दुसरं. मधला फरक आमचा.

आमची जावास्क्रिप्टची लायब्ररी लहान आहे. एखादी विनंती सुरू झाली की तिची ओळख, म्हणजे आमच्या भाषेत तिचा ‘संदर्भ’, पुढच्या सगळ्या असिंक, म्हणजे लगेच न संपता नंतर पूर्ण होणाऱ्या, कामांसोबत नेत राहायची, एवढंच तिचं काम. टाइमरचा कॉलबॅक (नंतर चालवायला दिलेलं फंक्शन) असो, इव्हेंटचा असो की प्रॉमिसचा, तो चालेल तेव्हा कुठल्या विनंतीपायी चालतोय हे विचारता आलं पाहिजे. टाइमर आणि इव्हेंट गुंडाळणं सोपं. प्रॉमिस म्हणजे पुढे मिळणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारी वस्तू; तिच्यासाठी मात्र आम्ही ग्लोबल ‘प्रॉमिस’च काढून तिथे आमचा स्वतःचा क्लास बसवला होता. हे केलं तेव्हा त्याला कारण होतं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ मध्ये नेटिव्ह, म्हणजे ब्राउझरने स्वतः दिलेलं, प्रॉमिस कधीच आलं नाही, आणि ते ब्राउझर वापरणारे लोक आमच्याकडे बरेच होते. एक क्लास लिहिला की दोन्ही कामं होत होती: जिथे प्रॉमिस नाही तिथे ते मिळायचं, जिथे आहे तिथे संदर्भ मिळायचा.

तक्रारीतल्या कोडमध्ये दोन साखळ्या होत्या. पहिली ‘अ’ छापते आणि आधीच पूर्ण झालेलं एक प्रॉमिस परत देते. त्या प्रॉमिसच्या पोटात ‘ब’ आहे, आणि पुढचा ‘देन’ (प्रॉमिस पूर्ण झाल्यावर चालायचा कॉलबॅक लावणारी मेथड) तो छापतो. दुसरी साखळी सरळ: चार ‘देन’ एकामागोमाग, १, २, ३, ४ छापणारे. नेटिव्ह प्रॉमिस हे असं छापतं: अ, १, २, ३, ब, ४. आमची लायब्ररी असली की: अ, १, ब, २, ३, ४.

माझा पहिला विचार, प्रामाणिकपणे सांगते, बचावाचा होता. दोन स्वतंत्र साखळ्यांचा आपसातला क्रम कुणी गृहीत धरूच नये, असं मी उत्तरात लिहिलंसुद्धा. शिवाय आमच्या क्लासवर प्रॉमिसेस/ए प्लसचा टेस्टसंच दर बदलाला चालत होता, आणि त्यातल्या ८७२ च्या ८७२ टेस्ट हिरव्या होत्या. मी उत्तर पाठवण्याआधी एकदा स्पेक (नियमांचा अधिकृत दस्तऐवज) उघडून बघितला, निव्वळ योग्य कलमाचा हवाला द्यावा म्हणून. ते उत्तर मी पाठवलं नाही.

झालं होतं असं, की मी चुकीचा स्पेक प्रमाण मानत आले होते. ए प्लस हा प्रॉमिसच्या लायब्रऱ्यांनी एकमेकींशी जुळवून घ्यावं म्हणून केलेला करार. तो म्हणतो, कॉलबॅक लगेच चालवू नका, आधी सध्याचा कोड संपू द्या. नेमके किती फेरे थांबायचं, याबद्दल तो काही बोलत नाही. आणि एका ठिकाणी तर तो स्पष्ट मोकळीक देतो: रिझॉल्व्ह करताना, म्हणजे प्रॉमिसला त्याची किंमत देताना, हातात आलेली वस्तू आपल्याच जातीचं प्रॉमिस असेल, तर तिची स्थिती थेट उचलून घ्या. आम्ही तेच करत होतो. आतलं प्रॉमिस पूर्ण झालेलं आहे? मग त्याची किंमत काढून घे, काम संपलं. जुन्या लायब्रऱ्यांमध्ये ही जवळची वाट सर्रास सापडते, आणि ए प्लसच्या हिशेबाने ती बरोबरच आहे.

पण २०१५ मध्ये प्रॉमिस भाषेतच आलं, आणि भाषेच्या स्पेकमध्ये ही जवळची वाट ठेवलेली नाही. तिथे रिझॉल्व्हला कुठलीही ‘देन’वाली वस्तू मिळाली, मग ते परकं देनेबल (प्रॉमिस नसलेली पण ‘देन’ असलेली वस्तू) असो की अस्सल नेटिव्ह प्रॉमिस, की एक वेगळं काम रांगेत लावलं जातं. ते काम पुढच्या टिकला, म्हणजे रांगेच्या पुढच्या फेरीत, त्या वस्तूचा ‘देन’ बोलावतं. वस्तू आधीच पूर्ण झालेली असेल तर त्या ‘देन’चा कॉलबॅक त्याच्या पुढच्या टिकला येतो, तेव्हा कुठे बाहेरचं प्रॉमिस पूर्ण होतं, आणि ‘ब’ छापणारा कॉलबॅक आणखी एका टिकने. पहिल्या टिकमध्ये ‘अ’ छापलेला असतो, म्हणजे ‘ब’ येतो चौथ्या टिकला. आमच्याकडे तो दुसऱ्याच टिकला हजर. दोन टिकचा फरक, आणि त्या दोन टिकांत २ आणि ३ बसलेले.

हे वाचूनही मला वाटत होतं की हा उशीर उगीचचा आहे. नेटिव्ह प्रॉमिस स्वतःलाच ओळखत असताना एवढी वळणं कशाला? उत्तर मला देनेबलमधून मिळालं. समजा एक क्वेरी बांधणारी वस्तू आहे, तिला ‘देन’ आहे, आणि ‘देन’ बोलावला की क्वेरी डेटाबेसकडे रवाना होते. असे क्वेरी बिल्डर सगळीकडे आहेत. आता कुणी लिहिलं: आधी रिझॉल्व्हला ती क्वेरी दिली, आणि पुढच्याच ओळीत तिला ‘फक्त दहा नोंदी’ अशी मर्यादा घातली. नेटिव्हमध्ये मर्यादा लागू होते, कारण ‘देन’ पुढच्या टिकला बोलावला जातो, तोवर चालू कोड संपलेला असतो. आमच्याकडे ‘देन’ रिझॉल्व्हच्या पोटातच चालायचा. क्वेरी मर्यादेविनाच निघून जायची. परक्याचा कोड आपल्या ओळीच्या मध्यात घुसू नये म्हणून ते वेगळं काम आहे. आणि नेटिव्ह प्रॉमिसलाही त्यातून सूट नाही, कारण त्याचा ‘देन’सुद्धा कुणी बदललेला असू शकतो. म्हणजे माझ्यासारख्यांनीच. त्या रात्री मी ते कलम तीनदा वाचलं असेल.

तक्रार करणाऱ्यांना मी लिहिलं, ‘चूक आमची आहे, दुरुस्त करते.’

पहिली फेरी सरळ होती. आमच्या क्लासची रिझॉल्व्हची पद्धत मी पुसून टाकली आणि स्पेकमधल्या पायऱ्या ओळीला ओळ लावून पुन्हा लिहिल्या. स्पेकची भाषा रुक्ष आहे, पण एकदा तिच्या पायऱ्यांवर विश्वास टाकला की ती फार मदत करते. स्वतःच स्वतःला रिझॉल्व्ह करायला गेलं तर टाइपएरर. वस्तू नसेल तर सरळ पूर्ण. वस्तू असेल तर तिचा ‘देन’ वाचा, एकदाच आणि लगेच. वाचताना एरर आली तर रिजेक्ट, म्हणजे प्रॉमिस अपयशी. फंक्शन निघालं तर ते जपून ठेवा आणि पुढच्या टिकला बोलवा. दोन टिकचा फरक मिटला. अ, १, २, ३, ब, ४. मला वाटलं संपलं.

मग ज्यांनी तक्रार केली होती त्यांनीच खऱ्या ॲपमध्ये चालवून बघितलं, आणि क्रम अजून बिघडलेलाच होता.

यावेळचं कारण शोधायला मला चार दिवस लागले, आणि या सगळ्या प्रवासातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या क्लासला स्वतःची रांग होती. साधा ॲरे. त्यात पहिलं काम पडलं की आम्ही एक नेटिव्ह मायक्रोटास्क (चालू कोड संपताच इंजिनने चालवायचं छोटं काम) लावायचो, आणि तो चालला की अख्खा ॲरे रिकामा करायचो. रिकामा करत असताना नवी कामं आली तर तीही त्याच दमात. ही पद्धत त्या काळी शहाणपणाची होती, मायक्रोटास्क लावणं महाग असायचं. पण तिचा अर्थ असा की आमची सगळी प्रॉमिसं मिळून नेटिव्ह रांगेत फक्त एक जागा घेतात. आमच्या साखळीत १, २, ३ आहेत आणि शेजारी नेटिव्ह साखळीत क, ख, ग आहेत असं समजा. दोन्ही नेटिव्ह असत्या तर त्या एकाआड एक चालल्या असत्या: १, क, २, ख, ३, ग. आमच्याकडे आधी १, २, ३ सगळे, मग क, ख, ग. साखळी पन्नास दुव्यांची असली तर पन्नासही आधी.

पण ग्लोबल प्रॉमिस तर आम्ही बदललेलं आहे, मग शेजारी नेटिव्ह साखळी आली कुठून? इथे मी माझ्याच गृहीतकाशी अडखळले. सर्व्हरकडून माहिती आणणारा ‘फेच’ नेटिव्ह प्रॉमिस देतो. ब्राउझरच्या कितीतरी नव्या सोयी नेटिव्ह प्रॉमिस देतात. आणि प्रत्येक असिंक फंक्शन नेटिव्ह प्रॉमिसच देतं. ग्लोबल नावावर कुणाला बसवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. भाषेच्या इंजिनात जे मूळ प्रॉमिस आहे तेच ते वापरतं. आम्ही नाव बदललं होतं, वस्तू जागेवरच होती. इतकी वर्षं प्रत्येक ॲपमध्ये दोन जातींची प्रॉमिसं शेजारी शेजारी नांदत होती, आणि आमच्या टेस्टमध्ये एकच जात असल्यामुळे आम्हाला ते कधी दिसलं नाही.

ॲरे काढून टाकला. आता प्रत्येक कामासाठी ‘क्यूमायक्रोटास्क’. हे फंक्शन आता सगळ्या चालू ब्राउझरमध्ये आहे, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) ११ व्या आवृत्तीपासून आहे. साखळ्या एकाआड एक चालू लागल्या.

या टप्प्यावर मी ठरवलं की लोकांच्या तक्रारींची वाट बघत बसायचं नाही. भाषेची मानक समिती टेस्ट२६२ नावाचा टेस्टसंच सांभाळते, ज्यावर सगळी इंजिनं स्वतःला तपासून घेतात. त्यातला प्रॉमिसचा भाग मी आमची लायब्ररी आधी लोड करून चालवला. लाल ओळींची रांग लागली. बऱ्याचशा किरकोळ होत्या, आणि त्यांच्यावर मी इथे फार वेळ घालवणार नाही: ‘देन’ची लांबी २ हवी, ‘कॅच’ची १ हवी, मेथड लूपमध्ये दिसता कामा नये, ‘न्यू’शिवाय बोलावलं तर टाइपएरर हवा. एक मजेदार वाटली. नेटिव्ह मेथड कन्स्ट्रक्टर नसतात. ‘न्यू’ लावून बोलावल्या तर एरर देतात. आमच्या सगळ्या मेथड जुन्या ‘फंक्शन’ शब्दाने लिहिलेल्या, म्हणून प्रत्येकीला एक फुकटचं ‘प्रोटोटाइप’ चिकटलेलं. त्याच मेथड ऑब्जेक्टमध्ये आखूड पद्धतीने लिहिल्या की नाव, लांबी आणि कन्स्ट्रक्टर नसणं, तिन्ही आपोआप बरोबर येतं.

काही लाल ओळी खोल होत्या. ‘प्रॉमिस.ऑल’ने ‘रिझॉल्व्ह’ सुरुवातीला एकदाच वाचून ठेवायचा असतो. आम्ही प्रत्येक घटकासाठी वाचत होतो. मध्येच काही बिघडलं तर इटरेटर बंद करायचा असतो, पण बिघाड इटरेटरच्या ‘नेक्स्ट’मध्येच झाला असेल तर तो बंद करायचा नसतो. ‘फायनली’च्या कॉलबॅकला काहीही द्यायचं नसतं आणि त्याने परत दिलेली किंमत सोडून द्यायची असते, तरीही त्याने प्रॉमिस परत दिलं तर त्यासाठी थांबायचं असतं, आणि ते रिजेक्ट झालं तर तो रिजेक्ट पुढे न्यायचा असतो. मी एकेक दुरुस्त करत गेले.

दुरुस्त करताना एक हिशेब मनात होत होता. २०१८ मध्ये ‘फायनली’ आलं, २०२० मध्ये ‘ऑलसेटल्ड’, २०२१ मध्ये ‘एनी’, २०२४ मध्ये ‘विथरिझॉल्व्हर्स’, २०२५ मध्ये ‘ट्राय’. दर वेळी आमच्या क्लासमध्ये ते हाताने घालावं लागलं, आणि ते घालेपर्यंत आमची लायब्ररी लोड केली की भाषेने दिलेली नवी सोय गायब व्हायची. आम्ही संदर्भ नेण्याचं काम अंगावर घेतलं होतं. प्रॉमिस सांभाळण्याचं काम त्याच्या आडून आमच्या घरी राहायला आलं होतं.

शेवटी उरलेल्या लाल ओळी मात्र दुरुस्त होईनात. ‘फेच’मधून आलेलं प्रॉमिस ‘इन्स्टन्सऑफ प्रॉमिस’ आहे का, म्हणजे प्रॉमिस क्लासचंच आहे का? नेटिव्हमध्ये हो, आमच्याकडे नाही. ते खोटंच हो म्हणायला लावता येतं, त्यासाठी भाषेत हूक आहे, आणि मी ते तासभर करूनही बघितलं. पण मग ‘प्रॉमिस.रिझॉल्व्ह’ला तेच प्रॉमिस दिलं तर नेटिव्ह ते जसंच्या तसं परत देतं, आमचं नवं बनवून देतं. एक खोटं सावरायला दुसरं.

आणि ‘अवेट’, म्हणजे प्रॉमिस पूर्ण होईपर्यंत असिंक फंक्शनला थांबवणारा शब्द. ‘अवेट’समोर अस्सल नेटिव्ह प्रॉमिस असलं, आणि त्याचा कन्स्ट्रक्टर मूळ प्रॉमिसच असला, तर आज एक टिक लागतो. पूर्वी तीन लागायचे. स्पेकमधला तो बदल २०१९ चा, आणि नोड १२ मध्ये तो आला. पण समोर आमच्या क्लासचं प्रॉमिस असलं तर इंजिनच्या नजरेत ते नुसतं एक परकं देनेबल. मग नवं प्रॉमिस, ‘देन’ बोलावण्याचं काम, त्याचा कॉलबॅक, आणि मग पुढचा कोड: तीन टिक. मी क्लास कितीही अचूक लिहिला तरी हे तीनच राहणार. नेटिव्हसारखं वागणारं आमचं प्रॉमिस नेटिव्ह नाही, आणि इंजिनला ते माहीत आहे.

सहकाऱ्याने सुचवलं, मूळ प्रॉमिसचा सबक्लास करूया. दोन दिवस तोही करून बघितला. आतली स्थिती खरी नेटिव्ह मिळते, हे चांगलं. पण कन्स्ट्रक्टर वेगळा, त्यामुळे ‘अवेट’ला पुन्हा तीन टिक, आणि ‘फेच’चं प्रॉमिस सबक्लासचं नसल्यामुळे ‘इन्स्टन्सऑफ’ पुन्हा तिथेच. तेव्हा मी त्याला विचारलं, आपल्याला खरं तर काय बदलायचंय? तो म्हणाला, ‘कॉलबॅक चालायच्या आधी संदर्भ लावायचा आणि चालून झाल्यावर काढायचा.’ मग प्रॉमिस कशाला बदलतोय आपण?

दुसऱ्या दिवशी क्लास काढून टाकला. अख्खी फाइल, ए प्लसपासून चालत आलेली, नुकतीच स्पेकबरहुकूम दुरुस्त केलेली. वाईट वाटलं, लपवत नाही. पण तिच्या जागी जे आलं ते एका पडद्यावर मावत होतं: मूळ प्रॉमिसच्या प्रोटोटाइपवरचा ‘देन’ तेवढा गुंडाळायचा. ‘देन’ बोलावला जाईल तेव्हाचा संदर्भ टिपायचा, दोन्ही कॉलबॅकना त्या संदर्भाचं आवरण घालायचं, आणि आधी जपून ठेवलेल्या नेटिव्ह ‘देन’कडे सगळं सोपवायचं. ‘कॅच’ आणि ‘फायनली’ आतून ‘देन’लाच बोलावतात, स्पेकच तसं सांगतो, म्हणून त्यांना हात लावायची गरज नाही. ‘ऑल’, ‘रेस’, ‘एनी’ही तसेच. उद्या भाषेत आणखी काही आलं तर ते आमच्याशिवाय येईल.

त्या एका पडद्यातही पाय घसरायच्या जागा आहेत. कॉलबॅक फंक्शन नसेल तर त्याला आवरण घालायचं नाही, जे दिलंय तेच आत जाऊ द्यायचं. पहिल्या मसुद्यात मी दोन्ही जागी आवरण घातलं होतं, आणि रिजेक्टचा कॉलबॅक नसलेल्या प्रत्येक ‘देन’मध्ये रिजेक्ट झालेलं प्रॉमिस ‘अनडिफाइन्ड’ घेऊन मजेत पूर्ण होऊ लागलं. एरर गिळणारं कोड मी आयुष्यात जितकं टाळत आले, तितकं ते एका ओळीत लिहून बसले होते. ‘धिस’ तपासायचा नाही. प्रॉमिस नसलेल्या कशावर ‘देन’ बोलावला तर टाइपएरर नेटिव्हनेच द्यावा, त्याच्याच शब्दांत. आणि चालू संदर्भ रिकामा असेल तर आवरण न घालता सरळ पुढे जायचं.

दुसरी घसरण जास्त धोक्याची होती. एखाद्या विनंतीची किती कामं अजून बाकी आहेत याची मोजणी आमची लायब्ररी ठेवते. ती मोजणी मी अशी केली: गुंडाळलेल्या ‘देन’च्या आत, नेटिव्ह ‘देन’ने परत दिलेल्या प्रॉमिसवर स्वतःचा आणखी एक ‘देन’ लावायचा, आणि तो चालला की आकडा कमी करायचा. स्वच्छ दिसत होतं. पण रिजेक्ट झालेलं प्रॉमिस ‘बेवारस’ आहे की नाही, हे इंजिन त्याला कुणी ‘देन’ लावलाय का यावरून ठरवतं. माझ्या मोजणीच्या ‘देन’ला रिजेक्टचा कॉलबॅक होता, म्हणजे तो रिजेक्ट तिथेच शांत व्हायचा. तो काढला तर मोजणीच्या ‘देन’मधून निघालेलं प्रॉमिस स्वतःच रिजेक्ट होऊन एक जादा इशारा द्यायचं, जो वापरणाऱ्याच्या कोडमध्ये कुठेच सापडला नसता. म्हणून मोजणी आवरणाच्या पोटात नेली. कॉलबॅक चालला की आकडा उतरतो. जिथे कॉलबॅक नाही तिथे मोजायलाही काही नाही. नेटिव्ह प्रॉमिसवर आमच्या बाजूने एकही जादा ‘देन’ लागत नाही, हा नियम आता टेस्टमध्ये आहे.

बेवारस रिजेक्टबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जुन्या क्लासने त्यात लोकांना सर्वांत जास्त त्रास दिला होता, आणि बहुतेकांना तो आमच्यामुळे होतोय हे कळलंही नव्हतं. ब्राउझर हा इशारा मायक्रोटास्कची अख्खी रांग संपल्यावर देतो. नोडही रांग उपसून झाल्यावरच बघतो, आणि १५ व्या आवृत्तीपासून तिथे कुणी हाताळलं नाही तर प्रोसेसच पडते. आमचा क्लास मात्र स्वतःचा ॲरे संपला की लगेच तपासायचा. नेटिव्ह रांगेत अजून कामं उभी असायची, आणि त्यातलंच एखादं पुढच्या क्षणी ‘कॅच’ लावणार असायचं. म्हणजे खोटा इशारा. त्यापायी लोकांनी इशारेच बंद करून ठेवले होते, आणि मग खरेही बंद झाले. नेटिव्ह प्रॉमिस परत आल्यावर हा सगळा भाग मला लिहावाच लागला नाही. इशारा वेळेवर येतो, आणि उशिरा कुणी ‘कॅच’ लावला तर ‘आता हाताळलं’ असं सांगणारा दुसरा इव्हेंटही येतो. तो आम्ही कधी दिलाच नव्हता.

नव्या रचनेवर टेस्ट२६२ मधली प्रॉमिसची टेस्ट हिरवी झाली. वेगाचा प्रश्न मी तपासला, कारण व्ही८ (क्रोम आणि नोडचं इंजिन) ‘देन’ मूळचाच आहे असं दिसलं तर काही जवळच्या वाटा घेतो, आणि आपण त्याला हात लावला की त्या बंद होतात. जुन्या क्लासपेक्षा तरीही आम्ही वेगात होतो, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

किंमत मोजावी लागली ती ‘अवेट’मध्ये, आणि ती मी कागदपत्रांच्या पहिल्याच पानावर लिहिली. नेटिव्ह प्रॉमिसवरचं ‘अवेट’ ‘देन’ला बोलावतच नाही, इंजिन आतल्या आत काम उरकतं. म्हणजे ‘अवेट’नंतरच्या ओळीवर आमचा संदर्भ पोहोचत नाही. हा प्रश्न आमच्यापुरता नाही. झोन.जेएस ही संदर्भ नेणारी लायब्ररी वापरणाऱ्या अँग्युलर फ्रेमवर्कच्या बिल्डमध्ये असिंक फंक्शनं जनरेटरमध्ये (मध्येच थांबू शकणाऱ्या फंक्शनांमध्ये) उतरवली जातात ती याच कारणाने. नोडमध्ये आम्ही आता आमची युक्ती सोडून ‘असिंकलोकलस्टोरेज’ वापरतो, जे इंजिनच्या आतून संदर्भ नेतं आणि ‘अवेट’लाही पुरतं. ब्राउझरसाठी आम्हीही बिल्डमध्ये असिंक फंक्शनं उतरवा असं सांगतो. भाषेतच संदर्भाची सोय यावी असा प्रस्ताव मानक समितीपुढे आहे, आणि तो आला तर आमचा तो एक पडदाही मी आनंदाने पुसेन.

दुसरी एक फट उरलीय. क्वेरी बिल्डरचा ‘देन’ इंजिनने रांगेत लावलेल्या कामातून बोलावला जातो, आणि त्या कामाला आम्ही आवरण घालू शकत नाही. म्हणून क्वेरी निघते त्या क्षणी संदर्भ रिकामा असतो. त्यासाठी फंक्शनला संदर्भ हाताने बांधायची एक मेथड दिली आहे. ती वापरावी लागते याचं मला वाईट वाटतं, पण इथे अर्धवट युक्ती करून क्रमाला पुन्हा हात लावायची माझी तयारी नाही.

नवी आवृत्ती मुख्य क्रमांक वाढवूनच काढली. क्रम बदलतो तेव्हा लोकांचं काहीतरी मोडतं, मग तो कितीही योग्य दिशेने बदललेला असो. आणि मोडलंच. आठवड्याभरात एकांनी कळवलं की त्यांच्या फॉर्मचा जतन केलेला मसुदा आता मध्येच पुसला जातो. जुन्या आवृत्तीत नीट चालत होतं. त्यांचा कोड आम्ही दोघांनी मिळून वाचला. मसुदा साठवणारं फंक्शन प्रॉमिस देत होतं, आणि फॉर्म रिकामा करणारी साखळी त्याच्यासाठी थांबतच नव्हती. आमच्या क्लासच्या त्या दोन टिकांच्या घाईमुळे साठवण आधी उरकायची, इतकंच. लायब्ररी काढून चालवलं असतं तर तो मसुदा पहिल्या दिवसापासून पुसला गेला असता. त्यांनी एक ‘अवेट’ घातलं, आणि मी त्यांच्या त्या दोन साखळ्या आमच्या टेस्टमध्ये घेतल्या, पहिल्या तक्रारीतल्या अ, १, २, ३, ब, ४ च्या अगदी खाली.